साइटवर काम सांगायचं कसं: नव्या सुपरवायझरसाठी

डिप्लोमा करून साइटवर आलेल्या पोरांना ड्रॉइंग वाचता येतं, ऑटो लेव्हल लावता येते, बिलाचं मोजमापही थोड्या दिवसांत जमतं. अडतं ते बोलण्यात. मी पुण्यात सुपरवायझर आहे. नवीन मुलगा हाताखाली आला की आधी त्याला मिस्त्रीला काम कसं सांगायचं आणि त्याला ते कळलं हे कसं तपासायचं, तेच शिकवतो. तोंडून चुकीचा गेलेला आकडा काँक्रीटमध्ये बसला की पुढे तो ब्रेकरनेच काढावा लागतो.

सुरुवात मापापासून करा. माप सांगताना आकडा हवा, एकक हवं, आणि ते कुठून धरायचं हेही हवं. राहून जातं ते शेवटचं. बांधकामाच्या मिस्त्रीला तुम्ही सांगितलं, "खिडकीची सिल 900 वर घ्या." सिल म्हणजे खिडकीची खालची कड. तुमच्या डोक्यात तयार फरशी आहे. त्याच्या पायाखाली मात्र उघडा स्लॅब आहे, तो तिथूनच टेप लावणार. मागून बेडिंग (टाइलखालचा मसाल्याचा थर) आणि टाइल मिळून 75 मिलिमीटर चढलं की सिल 825 वर राहते, तीही त्या मजल्यावरच्या प्रत्येक खिडकीला. म्हणून आधी तयार फरशीपासून एक मीटरवर प्रत्येक कॉलमला लाल लाइन मारून घ्या, लेव्हलने तपासा, आणि मग सांगा: "मामा, लाल लाइनीपासून 100 मिलिमीटर खाली सिल. स्लॅबवरून मोजू नका." खोलीत कुठेही उभा असला तरी त्याला मोजता येतं, आणि दुपारी दुसरा मिस्त्री आला तर त्यालाही तीच लाइन दिसते.

फिटरशी, म्हणजे सळई बांधणाऱ्याशी, बोलताना त्याचं माप शिकून घ्या. जुने फिटर 10 एमएमच्या सळईला तीन सूत म्हणतात, 12 ला चार, 16 ला पाच; सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तुम्ही दोन्ही बोला: "बारा एमएम, चार सूत." अंतराचंही तसंच, "150, म्हणजे सहा इंच." बीमच्या रिंगा (उभ्या-आडव्या सळयांना वेढणारे सळईचे चौकोन) सांगताना मोजणी कुठून सुरू होते ते बोट ठेवून दाखवा: पहिली रिंग कॉलमच्या कडेपासून 50 मिलिमीटरच्या आत, तिथून पुढे कडेच्या भागात जवळ-जवळ, मध्ये ड्रॉइंगप्रमाणे लांब. बिहार, बंगाल, तेलंगण, मराठवाडा इथली माणसं एकाच स्लॅबवर असतात. हिंदी सगळ्यांना थोडी-थोडी येते, पण "कडेला जवळ" हे प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं बसतं. सेंटरिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याच्या, प्लायवर खडूने आखून दिलं की प्रश्न मिटतो.

"हो साहेब" हे उत्तर धरू नका. मिस्त्री हो म्हणतो कारण तुम्ही साहेब आहात, चारचौघांत नाही म्हणणं त्याला जड जातं, आणि दिवसाची मजुरीही बुडवायची नसते. पण "कळलं का?" असंही विचारू नका, त्यावर पुन्हा होच येतं. मी म्हणतो, "काका, मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय. पहिली रिंग कुठे बांधणार, दाखवा." शंका माझ्या सांगण्यावर ठेवली की त्याचा मान राहतो. तो टेप लावतो, आणि चूक असेल तर तिथेच दिसते. वयाने मोठ्या मिस्त्रीला मामा किंवा काका म्हणा, बंगाली कारागिराला दादा. "ए मिस्त्री" ऐकलेला माणूस सेंटरिंगची फट दिसली तरी तुम्हाला सांगायला येणार नाही, आणि काँक्रीट भरायच्या आधी ती फट कळणं तुम्हाला हवंच असतं.

काँक्रीटच्या दिवशी वाद पाण्यावरून होतो. मिक्सर आला, माल घट्ट वाटला की पंपवाला म्हणणार, "पाणी मारू का?" नुसतं नाही म्हणालात तर तुमची पाठ फिरल्यावर पाइप आत जातो. नकारासोबत कारण आणि वाट दोन्ही द्या: "पाण्याने ताकद कमी होते, क्यूब फेल जातील. स्लंप घेऊ. कमी आला तर प्लांटच्या माणसाला बोलावतो, केमिकल तो घालेल." आणि लगेच फोन लावा, त्याच्यासमोर. (क्यूब म्हणजे ताकद तपासायला भरलेले काँक्रीटचे ठोकळे, स्लंप म्हणजे माल किती घट्ट-पातळ आहे याची चाचणी.) टेकू काढण्याबाबतही हेच. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साधारण 4.5 मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू 7 दिवस ठेवायचे असतात, 6 मीटरपर्यंतच्या बीमखालचे 14. ही मुदत साध्या ओपीसी सिमेंटची आहे, दुसरं सिमेंट असेल तर इंजिनिअरला विचारून वाढवा. सेंटरिंगच्या प्लेट पुढच्या कामाला लवकर हव्या म्हणून मुकादम दबाव टाकतो, तेव्हा आवाज चढवायची गरज नसते. भरल्याची तारीख आणि टेकू काढायची तारीख कॉलमवर रंगाने लिहून ठेवा, मग वाद तारखेशी होतो, तुमच्याशी नाही.

क्रेनला इशारा एकाच माणसाने द्यायचा, आणि तो कोण हे सकाळीच सगळ्यांसमोर सांगायचं. पण "थांबा" हा इशारा कोणीही दिला तरी ऑपरेटरने थांबायचंच. हे बिगाऱ्यालाही सांगा, कारण लोंबकळणारा बोजा बहुतेक वेळा आधी त्यालाच दिसतो. थांबवल्यावर काही निघालं नाही तरी त्याच्यावर ओरडू नका. एकदा ओरडलात की पुढच्या वेळी तो गप्प राहील.

इंजिनिअरला अडचण सांगताना गोष्ट सुरुवातीपासून लावू नका. "साहेब, सळई कमी पडली" याने त्यांना काहीच ठरवता येत नाही. असं सांगा: "साहेब, बी-विंग, तिसरा मजला, 16 एमएम अडीच टन कमी आहे. उद्या दुपारी चारपर्यंत आली नाही तर परवाचा स्लॅब हुकेल. ए-विंगमधली उचलू का?" जागा, तूट, वेळ, आणि तुमचा उपाय. रागावले तरी निर्णय मिळतो.

आणि ड्रॉइंगपेक्षा वेगळं काही तोंडी सांगितलं गेलं तर त्याच दिवशी लिहून घ्या. कन्सल्टंट फिरताना सहज म्हणून जातात, "हा बीम 50 ने वाढवा." त्यांच्यासमोरच ऑर्डर बुक उघडा आणि "साहेब, मी बरोबर लिहिलंय ना, एवढं बघून सही करा" म्हणा. यात उद्धटपणा काही नाही, चांगले कन्सल्टंट स्वतःच वही मागतात. सही न करता कोणी निघून गेलं तर संध्याकाळी मेसेज टाका: कोणता बीम, किती, कोणत्या रिव्हिजनचं ड्रॉइंग, सोबत टेप लावलेला फोटो. उत्तर येईपर्यंत त्या बीमची सळई बांधायला घेऊ नका, फिटरला दुसऱ्या बीमवर लावा.