नवा राजवाडा बघायचा तर असा बघा

आमच्या कोल्हापुरात पाव्हणं आलं की ठरलेलं असतंय, अंबाबाई, रंकाळा, मिसळ, आणि गाडीला तासभर उरला की मग "राजवाडा पण बघून घ्या की". मग ती मंडळी म्युझियममधनं पळत सुटतात, पेंढा भरलेला वाघ बघतात, तलवारी बघतात आणि बाहेर. ज्या वास्तूत हे सगळं मांडलंय तिच्याकडं कोण मान वर करून बघत पण नाही राव.

म्हणून माझं ऐका, आधी नव्या राजवाड्यावर जाऊच नका. भवानी मंडपात या. जुन्या राजवाड्याच्या नगारखान्याखालनं चालत आत शिरा, समोर तुळजाभवानी, मागं चार पावलांवर अंबाबाई, भोवतीनं सगळा बाजार. राजा, देव आणि गर्दी एकमेकांना खेटून. हे एकदा डोक्यात बसलं की मग कसबा बावड्याच्या रस्त्याला लागा.

वाटेत सीपीआर, म्हणजे सरकारी दवाखान्याच्या चौकात टाऊन हॉलपाशी गाडी थांबवा. टाऊन हॉल, सीपीआरची जुनी इमारत आणि नवा राजवाडा, तिन्ही एकाच माणसाची कामं, मेजर चार्ल्स मँट, इंग्रज लष्करातला इंजिनिअर. टाऊन हॉल पक्का गॉथिक आहे, टोकदार, विलायती चर्चची आठवण येईल असा. तो चेहरा लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडतोय.

आता राजवाडा. गेटातनं आत गेल्यावर तिकीट खिडकीकडं धावू नका, बागेत लांब उभं राहा. मधोमध घड्याळाचा मनोरा, इमारत अष्टकोनी धाटणीची, आणि सगळं बांधकाम घडीव काळ्या दगडात. त्याच मँटनं इथं मात्र गॉथिक बाजूला ठेवून घुमट, छत्र्या, महिरपी कमानी घेतल्यात, गुजरात-राजस्थानातल्या जैन आणि हिंदू वास्तूंमधनं उचललेलं बरंच, वर आपल्याकडच्या वाड्यांचा हात. याला इंडो-सारासेनिक म्हणतात. शक्यतो सकाळी जा, कारण काळ्या दगडावर उन्हं तिरपी पडली तरच नक्षी उठून दिसते, भर दुपारी सगळं सपाट दिसतंय. आणि नुसतं समोरनं फोटो काढून मोकळं होऊ नका, जिथपर्यंत जाऊ देतात तिथपर्यंत बाजूनं फिरा, कोन बदलला की मनोरा पण वेगळा दिसतो.

तिथं उभं असतानाच एक हिशोब मनात घाला. काम 1877 ला सुरू झालं, 1884 ला संपलं, खर्च सुमारे 7 लाख. पण नकाशा काढणारा मँट 1881 लाच गेला, आणि ज्यांच्या कारकिर्दीत पाया घातला ते चौथे शिवाजी महाराज 1883 मध्ये अहमदनगरला, इंग्रजांच्या ताब्यात असताना वारले. म्हणजे पूर्ण झालेला वाडा दोघांनी पण बघितला नाही. 1884 च्याच मार्चमध्ये कागलच्या घाटगे घराण्यातलं नऊ वर्षांचं पोर दत्तक आलं, ते आपले शाहू महाराज. मला तर हे आठवलं की ते घड्याळ जरा वेगळंच वाटतं.

आत दरबार हॉलला घाई करू नका, बाकी दालनं पळत बघितली तरी चालतील (वाघ कुठं पळून जात नाही). हॉल दोन मजले उंच, दोन्ही बाजूंनी कोरीव ब्रॅकेटवर तोललेला सज्जा, आणि कमानींच्या रंगीत काचांत थोरल्या शिवाजी महाराजांच्या आयुष्यातले प्रसंग. आधी काचा बघा, मग टोकाला उंचावर ठेवलेलं सिंहासन. विलायती तंत्राच्या काचेत मराठ्यांचा इतिहास, आणि बांधून घेतलाय इंग्रजांच्या देखरेखीखालच्या संस्थानानं! या खोलीत ही गंमत कळली की अर्धा राजवाडा कळला.

आत फोटो काढू देत नाहीत, तिथल्या मामांशी वाद घालू नका. वरच्या मजल्यावर पण डोकावू नका, छत्रपतींचं घराणं अजून तिथंच राहतंय, 2024 ला कोल्हापूरचे खासदार झालेले आत्ताचे शाहू महाराज याच घरचे.

वेळ उरला तर तसंच पुढं बावड्यात लक्ष्मी विलास पॅलेस आहे, 26 जून 1874 ला ते दत्तक आलेले शाहू महाराज जन्मले ती जागा. या राजवाड्यावरनं तिकडं गेलात की ती वास्तू एकदम साधी वाटेल, मिसळ त्यानंतर खावा.