गुणांतून मेहनत आणि परिस्थिती वेगळी कशी काढायची

शिष्यवृत्तीसाठी निवड करताना नुसत्या गुणांची उतरंड लावली की घरच्या परिस्थितीलाही गुण मिळतात. ते टाळण्याची एक सोपी रीत अर्थशास्त्रज्ञ जॉन रोमर यांनी १९९०च्या दशकात मांडली: मुलाची तुलना त्याच्यासारख्याच परिस्थितीतल्या मुलांशी करायची.

आधी परिस्थितीचे घटक ठरवा. ज्यात मुलाचा काहीच हात नाही, तेवढेच घ्या: आईवडिलांचं शिक्षण, घरचं उत्पन्न, घरची भाषा हीच शाळेची भाषा आहे का. खासगी शिकवणी मेहनतीत धरू नका, ती पैशाने येते. हजेरीचंही तसंच. धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी राहिलेली मुलगी आळशी नसते.

तीन घटक, प्रत्येकाचे दोन भाग, म्हणजे आठ गट. २०० अर्ज असतील तर गटात सरासरी २५ जण येतात, तेवढे पुरतात. प्रत्येक घटकाचे तीन भाग केले की २७ गट होतात, गटात सात-आठच उरतात आणि एका मुलाच्या गुणांनी सगळं हलतं. सगळी चूक बहुधा इथेच होते.

मग प्रत्येक मुलाचं गटातलं स्थान काढा: त्याच्यापेक्षा कमी गुणांची मुलं मोजा, त्यात त्याच्याइतक्याच गुणांच्या मुलांपैकी (तो स्वतः धरून) निम्मी मिळवा, मग भागिले गटाची संख्या, गुणिले १००. ४० जणांच्या गटात ६२ गुण मिळवणाऱ्याच्या खाली ३५ जण असतील आणि ६२ गुण त्याला एकट्यालाच असतील, तर ३५.५ भागिले ४०, म्हणजे जवळपास ८९. दुसऱ्या तेवढ्याच गटात ७८ गुणांच्या खाली १८ जण असतील, तर तसंच स्थान ४६. मेहनतीचा दाखला पहिल्याकडे जास्त आहे, आणि निवडीत तो मोजला गेलाच पाहिजे.

तरीही हे स्थान म्हणजे शुद्ध मेहनत नव्हे. आजारपण, घरातली भांडणं, चांगला शिक्षक मिळणं, जे जे नोंदवलं नाही ते सगळं मेहनतीच्या खात्यात जमा होतं. त्यामुळे ८९ आणि ८६ यांत फरक करू नका. जवळच्या स्थानांवरच्या मुलांशी प्रत्यक्ष बोला.

गटातलं स्थान पूर्वतयारी सांगत नाही, ती गुणच सांगतात. ६२वाल्याला निवडलंत तर अभ्यासक्रम सुरू होण्याआधी कच्च्या विषयांची चाचणी घ्या आणि पहिल्या सत्रात त्याच विषयांचे जादा तास ठेवा, तेही शिष्यवृत्तीच्याच खर्चातून.