धाब्यावरून शॉर्टवेव्ह: तार बांधण्यापासून खरखर शोधण्यापर्यंत

शॉर्टवेव्ह (दूरदेशीची केंद्रे पोचवणाऱ्या रेडिओलहरी) ऐकायची असेल तर महागड्या रेडिओच्या आधी बाहेरच्या तारेची सोय करावी, कारण रेडिओची दांडी घरातल्या उपकरणांच्या खरखरीतच उभी असते. खानदेशात त्यासाठीचे साहित्य हाताशी असते. पंपाच्या मोटारी भरून देणाऱ्या दुकानात वाइंडिंगची तांब्याची तार वजनावर मिळते. 10 ते 15 मीटर पुरते. तिचे एक टोक धाब्यावरच्या, म्हणजे घराच्या सपाट छतावरच्या, बांबूला आणि दुसरे निंबाच्या फांदीला बांधावे, मात्र दोन्हीकडे मध्ये ठिबकच्या नळीचा वीतभर तुकडा घालावा, म्हणजे तार ओल्या लाकडाला टेकत नाही. फांदी वाऱ्याने हलते, म्हणून थोडा झोल ठेवावा. विजेच्या तारांच्या जवळपासही ही तार नेऊ नये.

रेडिओकडचे टोक ब्लेडने खरवडून मगच दांडीला चिमटा लावावा. तारेची चकाकी वार्निशची असते, हे ध्यानात न आल्यामुळे मी आठवडाभर रेडिओलाच दोष देत बसलो होतो.

खरखर शोधताना रेडिओ सेलवर चालवून घराचा मेन स्विच बंद करावा. आवाज पडला तर चोर घरातच आहे: बहुधा स्वस्त एलईडी दिवा, मोबाइलचा चार्जर नाहीतर इन्व्हर्टर. आवाज तसाच राहिला तर भारनियमनाची वाट पाहावी. गावाची वीज गेली की बँड असा निवळतो, की भारनियमनाचे वेळापत्रक मी रेडिओशेजारीच चिकटवले आहे.

दिवसा आयनोस्फिअरचा (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित भागाचा) खालचा थर कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी शोषून घेतो आणि रात्री तो विरतो, म्हणून 49 व 41 मीटरचे पट्टे (साधारण 6 व 7 मेगाहर्ट्झ) अंधार पडल्यावर लावावेत. तारेची परीक्षा घ्यायला 10 मेगाहर्ट्झ चांगले; तेथे चीनच्या बीपीएम या वेळ सांगणाऱ्या केंद्राचे सेकंदांचे ठोके ऐकू येतात. हॅम मंडळी (हौसेने रेडिओवर बोलणारे) 7.0 ते 7.2 मेगाहर्ट्झवर बोलतात, पण एसएसबीची (त्यांच्या आवाज पाठवण्याच्या पद्धतीची) सोय नसलेल्या रेडिओवर त्यांचे बोलणे बदकासारखे वाटते. सोय असल्यास एलएसबी (एसएसबीचा खालच्या बाजूचा प्रकार) निवडावे. ऐकलेल्याची नोंद यूटीसीमध्ये (जगभरच्या प्रमाणवेळेत) ठेवावी, म्हणजे संध्याकाळचे साडेसात तेथे 14:00 होतात. स्वतः बोलण्यासाठी मात्र सरकारी परवाना लागतो.

वैशाखात सातपुड्यावर वळवाचे ढग जमले, की गडगडाट कानी पडण्याआधीच रेडिओत कडकड सुरू होते. तेवढ्यात चिमटा काढून तारेचे टोक खिडकीबाहेर टाकावे.