"कंपनीच्या नियमाप्रमाणे द्या सर" म्हणण्याआधी

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी पगारपत्रकं बघते. मुलाखतीत साहेब विचारतात, "अपेक्षा किती?" निम्मी पोरं मान खाली घालून म्हणतात, "कंपनीच्या नियमाप्रमाणे द्या सर." असला नियम बहुतेक ठिकाणी नसतोच. इथपासून तिथपर्यंत द्यायचे असं ठरलेलं असतं, आणि गप्प बसणाऱ्याच्या वाट्याला खालचा आकडा येतो.

आपल्या सोलापुरात गाडी अडते ती ओळखीपाशी. काकांनी शब्द टाकलेला असतो, मग घरचे बजावतात, "देतील ते घे, त्यांचं नाव खराब करू नको." पण ओळखीचं काम मुलाखतीपर्यंत. पुढचं आपण बोलायचं. "मला साधारण इतके अपेक्षित आहेत, पण आधी पगाराची फोड बघायला मिळेल का?" असं विचारल्यानं कुणाचं नाक कापलं जात नाही. काकांकरवी मात्र वाढवून मागू नका, तो निरोप तिखटमीठ लावूनच पोचतो.

फोड कशाला? समजा सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च, वर्षाला 3 लाख, म्हणजे महिना 25,000. बेसिक, म्हणजे मूळ पगार, निम्मं धरू, 12,500. त्यावर कंपनीचा पीएफ 12 टक्के, 1,500. तो सहसा सीटीसीतच मोजलेला असतो. ग्रॅच्युइटीपोटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेपोटी, 4.81 टक्के, साधारण 600. कायम नोकरीत ती पाच वर्षं टिकल्यावरच मिळते. राहिले 22,900. त्यातून तुमचा पीएफ 1,500 आणि व्यवसाय कर 200 गेला, की हातात 21,200. बोनसही सीटीसीत धरला असेल तर आणखी कमी. मुलींनो, 25,000 पर्यंतच्या पगारावर महिलांना व्यवसाय कर नाही. कापलेला दिसला तर विचारा.

एक गंमत ईएसआयची, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याची. त्यासाठी मोजला जाणारा पगार 21,000 पर्यंत असेल तर 0.75 टक्के कापून जातात, पण घरच्यांचाही दवाखाना त्यात येतो. अवलंबून असलेले आई-वडीलसुद्धा. म्हणून 20,900 नको, 21,300 च द्या असा हट्ट धरण्याआधी घरातल्या औषधांची बिलं बघा. चारशे रुपयांत शुगरच्या गोळ्यासुद्धा भागत नाहीत.

हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जाऊन 28,000 ची ऑफर आणणारेही भेटतात. कॉट, मेस, गावाकडच्या फेऱ्या वजा केल्या तर इथले 21,000 बरे वाटतात. तरी शिकायला मिळत असेल तर जा म्हणेन, कारण पुढच्या ठिकाणी आधीचा पगार हमखास विचारतात.

आकडा हलतच नसेल तर बाकीचं मागा. चिंचोळी एमआयडीसीत काम असेल तर कंपनीची गाडी आहे का, नसेल तर पेट्रोलचं काय? पीएफ पहिल्या महिन्यापासून ना? सहा महिन्यांनी पगार वाढवू म्हणाले तर ते ऑफर लेटरमध्ये यायला हवं. "बघू की नंतर" याला हिशेबात किंमत नाही. नोटीस पिरियड किती, तेही त्याच कागदावर वाचून घ्या. आणि मूळ मार्कलिस्ट जमा करा म्हणाले तर झेरॉक्स द्यायची. मूळ फक्त दाखवायची.