ब्लॉकला पिस्टन ऑइल जेट बसवायचे असतील तर

भोक पाडायला दहा मिनिटं लागतात, ते नेमकं कुठे पाडायचं हे ठरवायला दोन दिवस. हे ज्याला पटत नाही त्याने ब्लॉकला ड्रिल लावूच नये.

टर्बो लावलाय, बूस्ट वाढवलाय, किंवा इंजिन बराच वेळ फुल थ्रॉटलवर ठेवायचंय, तर पिस्टनच्या डोक्याला खालून तेलाची पिचकारी मारणारे जेट खरंच कामाचे. पिस्टनची उष्णता तेल घेऊन जातं, म्हणजे तेल जास्त तापणार, म्हणजे ऑइल कूलर पण लागणार, हे आधीच धरून चाला. साध्या स्टॉक इंजिनाला मात्र उगाच भोकं पाडत बसू नका.

सगळ्यात आधी त्याच इंजिनाचा टर्बोवाला भाऊ शोधा. टोयोटाच्या टूजेझेड-जीटीईला जेट कंपनीतूनच येतात, टूजेझेड-जीईला नसतात, अशा जोड्या बऱ्याच आहेत. भावाचे जेट मिळाले तर जागा, कोन, बोल्ट सगळं तयार मिळतं, कधीकधी तर तुमच्या ब्लॉकवर ओतीव उंचवटा आधीच असतो, फक्त भोक नसतं. जेट शक्यतो आत स्प्रिंग-गोळीचा व्हॉल्व्ह असलेलेच घ्या, साधारण दीड-दोन बारच्या खाली तो बंद राहतो, नाहीतर आयडलला बेअरिंगचं प्रेशर जेट खाऊन टाकतात.

आता पंपाचा हिशोब. ४ बार प्रेशरला १.५ मिमी भोकातून अंदाजे सव्वादोन लिटर दर मिनिटाला जातं, २ मिमीतून चार लिटर. चार सिलिंडरला २ मिमी घेतले तर सोळा लिटर! भोक अर्धा मिमीने वाढलं पण तेल जवळपास पावणेदोन पट, म्हणून हावरटपणा नको, आणि पंपाची क्षमता तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग ब्लॉक पूर्ण उघडा करा, खालची बाजू वर. गॅलरीचे, म्हणजे ब्लॉकच्या आतल्या तेलाच्या मुख्य वाटेचे, टोकाचे प्लग काढून आत एक सरळ सळई घाला, म्हणजे गॅलरी कुठल्या रेषेत जातेय ते कळतं, बाहेरून मोजून खूण करा. वॉटर जॅकेट (कूलंटची पोकळी) जवळ असेल तर अल्ट्रासॉनिक गेजने भिंतीची जाडी बघा. आता एका सिलिंडरला क्रँक, रॉड, पिस्टन बसवा, जेट खुणेवर मातीने चिकटवा आणि क्रँक हाताने हळूहळू पूर्ण दोन फेरे फिरवा. पिस्टन तळाला आल्यावर त्याचा स्कर्ट (खालची कड) जेटच्या नळीला लागतोय का, क्रँकचं काउंटरवेट घासतंय का, रॉडचा बोल्ट किती जवळून जातोय, सगळं बघा. कमीत कमी २ मिमी मोकळं ठेवा, कारण फिरताना सगळंच थोडं ताणतं आणि वाकतं. स्कर्ट लागत असेल तर स्कर्टला खाच मारा, नळी वाकवू नका.

मशीनिंग मिलिंग मशीनवरच, हातातल्या ड्रिलवर नाही. आधी स्पॉटफेस मारून जागा सपाट करा, कारण बॅंजोचं (जेट ब्लॉकला धरणाऱ्या, तेल आत नेणाऱ्या बोल्टचं) वॉशर तिरक्या जागेवर बसलं की गळतंच. मग ३ मिमीचं पायलट, मग मापाचं ड्रिल: एम८ जाड आट्यांना ६.८, एम१० बारीक १.० आट्यांना ९. बिडाला कोरडंच चालतं, अॅल्युमिनियमला कटिंग ऑइल लागतं. गॅलरीत ड्रिल आरपार जाण्याच्या क्षणी ते एकदम स्वतःहून आत ओढलं जातं, हाताला कळतं, तेव्हा फीड अगदी हलका ठेवा आणि डेप्थ स्टॉप आधीच लावून ठेवा, समोरची भिंत खरवडायला नको. टॅप मारताना (आटे पाडताना) ग्रीस लावा, अर्धा फेरा पुढे, पाव मागे. आतल्या कडेला बर (धातूची टोचरी कड) राहतो तो काढायला विसरू नका.

माझ्या पहिल्या ब्लॉकला मी टोकाचा एक प्लग आळसामुळे काढला नव्हता, त्याच्या मागे चुरा बसला होता, पहिल्या पाऊण तासात मेन बेअरिंगवर रेघा. तेव्हापासून सगळे प्लग बाहेर, गरम साबणाच्या पाण्याने लांब ब्रश, मग हवा, आणि पांढरं कापड सळईला गुंडाळून फिरवतो, करडं निघालं की परत धुवा.

बॅंजो बोल्ट पोकळ असतो, कंपनीच्या टॉर्कपेक्षा जास्त आवळला की तुटतो. थ्रेडलॉक लावलंच तर आट्यांच्या टोकाला नको, व्हॉल्व्ह जाम होतो.

शेवटी पिस्टन न घालता क्रँक मेन बेअरिंगसकट बसवा, क्रँकपिनच्या तेलाच्या भोकांवर रबर ठेवून होज क्लॅम्प आवळा, नाहीतर सगळं तेल तिथूनच वाहतं, आणि प्रेशर टाकीने गॅलरीत तेल सोडा. डेकवर (ब्लॉकच्या हेड बसतो त्या सपाट बाजूवर) पारदर्शक अॅक्रिलिक ठेवून त्यावर पिस्टनचा घेर आखा, धार कुठे आपटते ते दिसतं. धार तिरकी असते, त्यामुळे वर आणि खाली वेगळ्या जागी लागणारच, ती घेराच्या आत राहिली पाहिजे आणि रॉडला आडवी यायला नको. प्रेशर हळूहळू कमी करत जा, सगळे जेट साधारण एकाच वेळी थांबले पाहिजेत. एखादा ठिबकत राहिला तर तो काढून बदला, तिथे धूळ अडकलीय किंवा गोळी नीट बसत नाहीये.