पॉइंटची फट आधी, टायमिंग नंतर

जुन्या पेट्रोल अ‍ॅम्बॅसॅडरचे काम शिकायला येणाऱ्याला पॉइंट (उघडताच ठिणगी पाडणारे संपर्क), काँडेन्सर आणि रोटर ठाऊक असतात, असे मी धरून चालतो. बेळगावात उद्यमबागेतल्या एका गॅरेजात उमेदवारी करताना ज्या एका चुकीने मला छळले, तेवढीच येथे सविस्तर सांगतो.

गाडी ओढत नव्हती आणि इंजिन तापत होते. डिस्ट्रिब्यूटरमधल्या कॅमला, म्हणजे पॉइंट उघडणाऱ्या उंचवट्यांच्या दांड्याला, ग्रीस नसल्यामुळे त्यावर घासणारी पॉइंटची टाच झिजून फट मिटत आली होती. पण मी फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) न लावताच, प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्यूटर थोडा फिरवून टायमिंग पुढे घेतले, म्हणजे ठिणगी लवकर पडेल असे केले, आणि गाडी पळू लागली. पुढे गोव्याला जाण्याच्या आदल्या दिवशी मीच पॉइंट साफ करून फट ०.३८ मिलिमीटर केली, मात्र टायमिंगला हात लावला नाही. कणकुंबीपर्यंत आणि घाट उतरताना काहीच जाणवले नाही. परतताना चोर्ल्याच्या चढावर बोनेटखालून डब्यात खडे खुळखुळावेत तसा आवाज येऊ लागला. घरी येऊन प्लग काढले, तेव्हा एकाच्या पांढऱ्या चिनी मातीवर टाचणीच्या टोकाएवढे चकाकणारे कण चिकटलेले होते. ते पिस्टनचे अ‍ॅल्युमिनियम होते.

फट वाढली की कॅमचा उंचवटा टाचेला लवकर गाठतो, पॉइंट लवकर उघडतात आणि ठिणगीही लवकर पडते. फट मिटली की याच्या उलट होते. म्हणजे मी एकाच दोषाची भरपाई दोनदा केली होती. म्हणून आधी कॅमच्या चारही उंचवट्यांवर फट मोजावी, ती ०.३५ ते ०.४० मिलिमीटरमध्ये बसवावी, आणि चारही ठिकाणी ती वेगवेगळी भरली तर डिस्ट्रिब्यूटरचे बुश (दांडा ज्यात फिरतो ती नळी) गेले आहे असे समजून तेथेच थांबावे. मग क्रँक फिरवून पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनवर, म्हणजे पिस्टन वायू दाबतो त्या टप्प्यावर, आणावा आणि पुलीवरची टायमिंगची खूण जुळवावी. ही खूण एक्झॉस्टच्या (जळका वायू बाहेर जाण्याच्या) वेळीही जुळते, म्हणून प्लगच्या भोकावर बोट ठेवून दाब तपासावा. क्रँक नेहमीच्या दिशेनेच फिरवावा, नाहीतर चेनचा ढिलेपणा खूण चुकवतो. डिस्ट्रिब्यूटरची बारीक तार आणि इंजिनची बॉडी यांच्यामध्ये बल्ब जोडून, इग्निशन चालू ठेवून, डिस्ट्रिब्यूटर हळूहळू फिरवावा आणि बल्ब पेटतो त्या क्षणी त्याचा बोल्ट आवळावा.

कानाने टायमिंग लावणाऱ्या मेस्त्रींविषयी माझे मत चांगले नाही. टायमिंग पुढे गेले की आयडलिंग उलट गोड वाटते आणि त्याच गोडव्यात पिस्टन जातो. पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक किट बसवून मोकळे होणाऱ्यांनाही सांगतो, की अडकलेली अ‍ॅडव्हान्सची वजने (वेग वाढेल तशी ठिणगी लवकर करणारी) किट बसवल्याने सुटत नाहीत. आमचे कानडी मेस्त्री मात्र ‘निधान माडो’ (सावकाश कर) एवढेच म्हणत आणि फीलर गेज माझ्या हातात देत.

पहिल्या दोन-तीन वेळा बल्ब फसवेल. त्याने घाबरू नये, इंजिन तेवढ्याने मरत नाही. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये खुळखुळ ऐकू आली, तर पाय तत्काळ हलका करावा आणि इंजिन निवल्यावर फटीपासून पुन्हा सुरुवात करावी.