मुलांना सूर्यमाला शिकवताना: काठीची सावली, 15 मीटरची दोरी आणि यासीनच्या आयती

मुस्लिम घरातल्या मुलाला सूर्यमाला शिकवायला रंगीत तक्ता आणायची घाई करू नका. कोल्हापुरात मगरिब (सूर्यास्ताची नमाज) डिसेंबरात सहाच्या सुमारास होते, जूनमध्ये सात वाजून गेल्यावर. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो. हे मूल रोज जगत असतं, फक्त कोणी त्याला ‘का?’ विचारलेलं नसतं. सुरुवात तिथून करा.

आधी एक गोष्ट स्वतःशी पक्की करून घ्या. कुरआनातल्या सूरह यासीनच्या 38 ते 40 या आयतींत सूर्य आपल्या ठरलेल्या मुक्कामाकडे चालतो, चंद्र मंजिला (मुक्काम) ओलांडत जुन्या वाळक्या खजुरीच्या देठासारखा होतो आणि प्रत्येक जण आपापल्या कक्षेत तरंगतो, असं येतं. सूरह यूनुसच्या 5व्या आयतीत चंद्राच्या मंजिला वर्षांची गणती आणि हिशोब कळावा म्हणून ठरवल्याचं सांगितलं आहे. म्हणजे बघा आणि मोजा. मोजायचं काम मुलाचं. पाठ्यपुस्तकातला प्रत्येक आकडा आयतीतून काढून दाखवायची हौस मात्र टाळा. ती अंगलट कशी येते ते पुढे आहेच.

गच्चीवरची काठी

नऊ-दहा वर्षांच्या मुलासाठी यापेक्षा चांगला धडा नाही. सरळ पीव्हीसी पाइप किंवा बांबू घ्या. सपाट गच्चीवर तो कुंडीत असा रोवा की टोक गच्चीच्या पातळीपासून बरोबर 50 सेंमी उंच राहील. ओळंबा लावून दोन बाजूंनी तपासा. काठी 2 अंश कलली तरी टोक पावणेदोन सेंमी सरकतं आणि सगळं गणित बिघडतं. सूर्य बिंदू नसून तबकडी असल्यामुळे सावलीचं टोक पुसट येतं, म्हणून टोकाला एक मोठा मणी बसवा आणि मण्याच्या सावलीच्या मध्यावर खूण करा.

बारा ते एकपर्यंत दर पाच मिनिटांनी खडूने खूण करायची. सर्वांत आखूड सावली बाराला येत नाही. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशाची आणि कोल्हापूर 74.2 अंशांवर, त्यामुळे आपल्याकडे सूर्य सरासरी 33 मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. वर्षभरात ही वेळ नोव्हेंबरच्या सुरुवातीच्या 12.17 पासून फेब्रुवारीच्या मध्याच्या 12.47 पर्यंत हलते. मशिदीतल्या वेळापत्रकातली जवालची (सूर्य माथ्यावरून ढळण्याची) वेळ शेजारी ठेवून ताडून बघा. सावली पुन्हा वाढू लागली की जोहर (दुपारची नमाज) सुरू.

डिसेंबरअखेरीस दुपारची आखूड सावली सुमारे 42 सेंमी भरते. असरचा (दुपारनंतरच्या नमाजेचा) हिशोब इथेच मांडा: शाफई पद्धतीने आखूड सावलीत काठीची एक उंची मिळवायची, 42 अधिक 50, म्हणजे 92 सेंमी, हनफी पद्धतीने दोन उंच्या, 42 अधिक 100, म्हणजे 142. कोकणातल्या शाफई नातेवाइकांकडे असर लवकर का होते, हे मुलाला कोणी समजावून द्यावं लागत नाही.

किब्लाही (नमाजेची, म्हणजे मक्केतल्या काबाची दिशा) याच काठीवर निघतो. काठीभोवती 60 सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढा. डिसेंबरात सकाळी साडेदहाच्या सुमारास सावलीचं टोक आत शिरतं आणि दुपारी अडीचनंतर बाहेर पडतं. दोन्ही ठिकाणी खुणा करून त्या जोडा: ही पूर्व-पश्चिम रेषा. मुस्लिम खगोलज्ञ या रीतीला ‘हिंदी वर्तुळ’च म्हणत. आता काठीपासून या रेषेला समांतर पश्चिमेला 1 मीटर जा आणि तिथून काटकोनात उत्तरेकडे 25 सेंमी. काठीपासून त्या बिंदूकडे जाणारी रेषा मक्केकडे जाते. पडताळा हवा असेल तर 27-28 मे रोजी दुपारी 2.48ला सूर्य काबाच्या थेट माथ्यावर असतो. त्या क्षणी आपल्या गच्चीवरची सावली किब्ल्याच्या बरोबर उलट पडते. जुलैच्या मध्यालाही हा योग येतो, पण कोल्हापूरच्या जुलैत ऊन शोधावं लागेल.

हा प्रयोग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. मेच्या 6-7 तारखेला आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दुपारी सावली जवळजवळ नाहीशी होते, आणि मधल्या काळात ती दक्षिणेला पडते. पहिल्यांदाच करणाऱ्याचा गोंधळ उडतो. सराव झाल्यावर मात्र तेच बघण्यासारखं आहे.

दोरीवरचे ग्रह

प्रमाण सोपं ठेवा: 1 सेंमी म्हणजे 1 लाख किमी. सूर्य 14 सेंमीची पुठ्ठ्याची पिवळी चकती. पृथ्वी आणि शुक्र राजगिऱ्याचे दाणे, बुध आणि मंगळ पेनाचे ठिपके. गुरू शाडूची 14 मिमीची गोळी, शनी 12 मिमीची. युरेनस आणि नेपच्यून काळ्या मिरीचे दाणे. प्रत्येक दाणा वेगळ्या कार्डावर चिकटवा. चंद्र पृथ्वीच्याच कार्डावर, 3.8 सेंमी अंतरावर.

15 मीटरची सुतळी घ्या, हीच आपली एक दोरी. नायलॉनची नको, ती ताणते. सूर्यापासून बुध 0.4 दोरी, शुक्र 0.7, पृथ्वी 1, मंगळ दीड, गुरू 5.2, शनी साडेनऊ, युरेनस 19 आणि नेपच्यून 30 दोऱ्या, म्हणजे 450 मीटर. एवढी जागा गल्लीत मिळत नाही. रंकाळ्याच्या काठाने सकाळी लवकर चाला, आठनंतर गर्दी आड येते. या प्रमाणात प्रकाश सेकंदाला फक्त 3 सेंमी जातो. एका मुलाला त्या वेगाने बोट सरकवत सूर्याकडून पृथ्वीकडे यायला सांगा. सव्वाआठ मिनिटं लागतात, आणि बहुतेक मुलं मध्येच कंटाळतात.

मग विचारा, सर्वांत जवळचा दुसरा तारा कुठे ठेवायचा? सुमारे 4,000 किमीवर. कोल्हापूर ते मक्का सरळ रेषेत साधारण 3,650 किमी. म्हणजे तो मक्केच्याही पलीकडे जातो.

स्टेशनरीच्या दुकानातला थर्माकोलचा संच टाळा. त्यात आकार आणि अंतर दोन्ही खोटी असतात, आणि मुलाच्या डोक्यात तेच चित्र वर्षानुवर्षं बसतं.

चांद

लहानांसाठी, म्हणजे सहा-सात वर्षांपासून, 30 चौकटींची वही पुरते. इस्लामी महिन्याच्या 29 तारखेच्या संध्याकाळी मगरिबनंतर 20-30 मिनिटांत, सूर्य मावळला त्या जागेच्या थोडं वर हिलाल (नवी चंद्रकोर) शोधायचा. पन्हाळ्याच्या पश्चिम तटावरून क्षितिज मोकळं मिळतं. मग रोज बांगडी ठेवून वर्तुळ काढायचं आणि अंधारा भाग रंगवायचा. वही साधारण पौर्णिमेनंतर बंद पडते, कारण चंद्र रोज सरासरी 50 मिनिटं उशिरा उगवतो आणि मूल झोपलेलं असतं. तिथून पुढचे दिवस फजरनंतर (पहाटेच्या नमाजेनंतर) बघा: आधी पश्चिमेला, मग डोक्यावर, शेवटी पूर्वेला.

कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात, ही समजूत मोठ्यांचीही असते. अंधाऱ्या खोलीत एक उघडा बल्ब लावा, पेन्सिलीवर शाडूचा गोळा खोचा आणि मुलाला तो हात लांब करून धरत जागेवर फिरायला सांगा. गोळा डोक्याच्या किंचित वर धरला नाही तर प्रत्येक फेरीत ग्रहण लागतं. चंद्राची कक्षा 5 अंशांनी कललेली आहे, म्हणून दर अमावास्येला ग्रहण होत नाही, हे इथे आपोआप कळतं.

कॅलेंडरसाठी कोल्हापूरकरांना आयता दाखला आहे. 2018 ते 2020 मोहरम आणि गणेशोत्सव जोडून आले. 2020 मध्ये अधिक आश्विन आला, आणि 2021 ला मोहरम ऑगस्टच्या दहा-अकराला सुरू झाला तर गणेश चतुर्थी 10 सप्टेंबरला आली. दोन्ही पंचांगं चंद्राचीच. एक जण अधिक महिना घालून ऋतू सांभाळतो, दुसरा घालत नाही, म्हणून रमजान साधारण 33 वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो.

अडचणीचे प्रश्न

“सूर्य चालतो असं कुरआनात आहे, मग शाळेत तो स्थिर का?” सूर्यही आकाशगंगेच्या केंद्राभोवती सेकंदाला सुमारे 220 किमी वेगाने फिरतो, हे सांगा. पण आयतीने हाच आकडा सांगितला होता, असं म्हणू नका. जुन्या मुफस्सिरांनी (कुरआनच्या भाष्यकारांनी) ती रोजच्या उगवत्या-मावळत्या सूर्याच्या संदर्भात वाचली होती. हजरत यूसुफ यांच्या स्वप्नातले अकरा तारे म्हणजे अकरा ग्रह, हेही तसंच. 2006 मध्ये प्लुटो यादीतून गेला. तुमचा हिशोब आकड्यावर टांगलेला असेल तर मुलाचा विश्वासही त्याच्याबरोबर हलतो. आर्मस्ट्राँगने चंद्रावर अजान ऐकली, ही थाप आहे. शक्कुल कमरचा (चंद्र दुभंगल्याच्या मोजिजाचा, म्हणजे चमत्काराचा) पुरावा म्हणून फिरणारा फोटो रिमा अॅरिआडेयस या चंद्रावरच्या सुमारे 300 किमी लांब भेगेचा आहे. ती चंद्राला वेढा घालत नाही. मोजिजा ही ईमानाची बाब आहे, तिला या फोटोची गरज नाही.

मराठीत ग्रह म्हटलं की साडेसातीही येते. मृग लागला की पेरणी, हा काळ ओळखण्याचा मार्ग आहे आणि तो चालतो. पाऊस नक्षत्राने पाडला, असं मानणं वेगळं. मक्केजवळच्या हुदैबियाला रात्रीच्या पावसानंतर पैगंबरांनी (स.) हाच फरक सांगितला होता.

ग्रहणाचं शिक्षण हदीसमध्येच आहे. पैगंबरांचे (स.) चिमुकले पुत्र इब्राहीम वारले त्या दिवशी सूर्यग्रहण लागलं आणि लोक दोन्हींचा संबंध जोडू लागले. तेव्हा त्यांनी सांगितलं की सूर्य-चंद्र अल्लाहच्या निशाण्या आहेत, कोणाच्या मरणाने वा जन्माने त्यांना ग्रहण लागत नाही. घरात नमाज-ए-कुसूफची (ग्रहणाच्या नमाजेची) तयारी ठेवा. शेजारी वेध पाळत असतील तर मुलाला त्यांची थट्टा करू देऊ नका.

पुढचं मोठं सूर्यग्रहण 2 ऑगस्ट 2027 चं: मक्केत खग्रास, आपल्याकडे मावळतीआधी खंडग्रास. एक्स-रे फिल्म, काळी काच, पाण्यातलं प्रतिबिंब यांतून बघू देऊ नका. पुठ्ठ्याला 2 मिमीचं भोक पाडा आणि 2 मीटर मागे पांढरा कागद धरा; सूर्याची जवळपास 19 मिमीची प्रतिमा पडते. हे आधी मार्च-एप्रिलच्या एखाद्या स्वच्छ सकाळी करून बघा, कारण ऑगस्टच्या ढगांत सरावाला वेळ मिळणार नाही.